संमतीच्या अर्जाबद्दल ओंकारला



तुझी मेल मिळाली. डिसेंबरात मायामीहून आपण ज्या ‘नॉर्वेजियन’ नावाच्या क्रूझ कंपनीच्या बोटीने जाणार, तिच्यात दारूसाठी वयाची अट 21 आहे. पण आई किंवा वडील सोबत असतील आणि त्यांनी लेखी संमती दिली, तर 18 ते 20 वर्षांच्या मुलांना बिअर आणि वाइन मिळते. त्या संमतीच्या अर्जावर सही करायला दादाला, म्हणजे तुझ्या बाबांना, मी तयार करावं, असं तुझं म्हणणं. तू हट्ट न करता मुद्दे मांडलेस, म्हणून उत्तरही मुद्द्यांनीच देते. दादाकडे मी शब्द टाकणार नाही, हे आधीच सांगते. त्याची कारणं पुढे लिहिते, आणि ती पटली नाहीत तर मला परत लिही.

तुझा पहिला मुद्दा मला मान्य आहे. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपलीकडे गेलं की बोटीवर तिच्या झेंड्याच्या देशाचा कायदा चालतो. या कंपनीच्या बहुतेक बोटी बहामाच्या झेंड्याखाली फिरतात आणि बहामात 18 व्या वर्षी दारू पिता येते. म्हणजे भर समुद्रात 21 ची अट अमेरिकन सरकारची नसून कंपनीने स्वतः घातलेली आहे. रॉयल कॅरिबियन या दुसऱ्या कंपनीची बोट अमेरिकेतून सुटली तर 21 आणि युरोपातून सुटली तर 18, हेही खरं. डिस्ने तर युरोपातल्या फेऱ्यांवर आई-वडिलांच्या संमतीने आणि त्यांच्या समोर 18 व्या वर्षी पिऊ देते. बार्सिलोनात जो मुलगा मोठा, तो मायामीत लहान कसा, हा तुझा प्रश्न रास्त आहे. 21 या आकड्यात काही जादू नाही, आणि विसाव्या वर्षी बिअरचा एक ग्लास घेतल्याने तुझं आयुष्य बिघडेल असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर तू माझं पुढचं काहीच ऐकणार नाहीस, आणि ते योग्यच होईल.

पण हा आकडा आला कुठून, ते पाहा. 1971 मध्ये अमेरिकेत मतदानाचं वय 18 झालं आणि त्याच सुमारास बऱ्याच राज्यांनी दारूचं वयही खाली आणलं. पाठोपाठ कोवळ्या मुलांचे गाड्यांचे अपघात वाढले, तेव्हा काही राज्यांनी ते पुन्हा वर नेलं. तुमच्या न्यू जर्सीने 1983 मध्ये 21 केलं, पण हडसनच्या पलीकडे न्यूयॉर्कमध्ये ते 19 होतं आणि 1985 च्या अखेरपर्यंत तसंच राहिलं. मग न्यू जर्सीतली मुलं गाड्या काढून न्यूयॉर्कला जायची, प्यायची आणि रात्री तशीच गाडी चालवत परतायची. अशा सीमांना तिथे तेव्हा रक्ताच्या सीमा म्हणत. 1984 चा केंद्राचा कायदा त्यातून आला: ज्या राज्यात 21 च्या खाली दारू मिळेल, त्याच्या महामार्गाच्या निधीला कात्री. 1988 पर्यंत सगळी राज्यं 21 वर आली. तिथल्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या अंदाजाप्रमाणे 1975 पासून या अटीमुळे तीस हजारांहून अधिक जीव वाचले. अंदाज म्हटला की थोडं इकडेतिकडे होणारच. पण बराच भाग वगळला तरी उरतो तो आकडा लहान नाही.

आता माझा मुख्य मुद्दा. वयाची अट जिच्यावर लिहिलेली असते त्या पिढीपेक्षा तिच्या मागून येणाऱ्या मुलांना ती जास्त सांभाळते. न्यूझीलंडने 1999 मध्ये उलट दिशेचा प्रयोग केला, दारू विकत घेण्याचं वय 20 वरून 18 वर आणलं. नंतर अभ्यासकांनी अपघातांतल्या जखमींच्या नोंदी तपासल्या. 18-19 वर्षांच्या मुलांमध्ये वाढ दिसली, ती अपेक्षितच होती. पण वाढ 15 ते 17 वर्षांच्या मुलांमध्येही दिसली, ज्यांना नव्या कायद्यानेही दारू मिळत नव्हती. कारण उघड आहे. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा दुकानात जात नाही, तो आपल्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या भावाला, मित्राला सांगतो. अट 20 ची असते तेव्हा तो मोठा मित्र कॉलेजात, दुसऱ्या गावी असतो. अट 18 वर आली की तो त्याच शाळेच्या वरच्या वर्गात बसलेला असतो. आपल्या बोटीवर सोहम तुझ्याच केबिनमध्ये असणार आहे. तो सोळा वर्षांचा आहे आणि तू जे करतोस ते त्याला करायचं असतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. संमतीच्या अर्जावर नाव तुझं एकट्याचं असेल, पण पाहणारे डोळे त्याचेही असतील. तू त्याला ग्लास देणार नाहीस यावर माझा पूर्ण विश्वास आहे. मात्र त्याच्या मनातली रेघ 21 वरून खाली सरकेल ती तुझ्याकडे पाहून, आणि त्यासाठी तू काही द्यायची गरज नाही.

तू म्हणशील, हे सगळे आकडे गाड्यांचे, आणि बोटीवर कोणी गाडी चालवत नाही. तुझ्या मेलमधला सगळ्यात ताकदीचा मुद्दा हाच आहे. अपघातांचा हिशेब बोटीला जसाच्या तसा लागू होत नाही, हे कबूल. पण बोटीचे धोके बोटीचेच असतात. अमेरिकेने 2010 मध्ये क्रूझवरच्या सुरक्षेचा वेगळा कायदा केला. त्याने कठड्याची उंची किमान 42 इंच, म्हणजे साडेतीन फूट ठरवली, केबिनच्या दाराला आतून बाहेरचं दिसणारं भिंग सक्तीचं केलं आणि बोटीवरच्या गंभीर गुन्ह्यांची माहिती एफबीआयला देणं बंधनकारक केलं. त्या नोंदी सरकार प्रसिद्ध करतं, आणि त्यांत सर्वाधिक तक्रारी लैंगिक अत्याचाराच्या असतात. अशी वेळ आली तर मुलीला घरी निघून जाता येत नाही; तिला त्रास देणारा त्याच बोटीवर, त्याच जेवणघरात असतो. मोठं इस्पितळ पुढच्या बंदरात, आणि ते बंदर एक रात्र दूर. साडेतीन फुटांचा कठडा शुद्धीत असलेल्या माणसाला पुरतो. जो त्यावर चढून बसतो त्याला तो वाचवू शकत नाही.

शिवाय बोटीवर दारू कशी विकली जाते तेही पाहा. एकरकमी पॅकेज घ्यायचं आणि मग दर ग्लासाला पैसे मोजायचे नाहीत, अशी पद्धत आहे. कार्निव्हल कंपनीच्या पॅकेजला 24 तासांत 15 ग्लासांची मर्यादा असते. अमेरिकेत एक माप म्हणजे सुमारे 350 मिलि बिअर किंवा 150 मिलि वाइन, दोन्हींत शुद्ध अल्कोहोल साधारण 14 ग्रॅम. पुरुषाने दोनेक तासांत अशी पाच मापं घेतली, बाईने चार, तर तिथली सरकारी संस्था त्याला धोक्याचं पिणं म्हणते. पंधरा ही ज्या बाजारात मर्यादा समजली जाते, तिथे नवख्या माणसाला कुठे थांबावं हे आजूबाजूला पाहून कळत नाही. तुझ्या अर्जात फक्त बिअर आणि वाइन आहे, मान्य. पण तू बसशील तिथे तुझ्या शेजारचे पॅकेज वसूल करत बसलेले असतील.

दुसरा आक्षेप दादालाही पटण्यासारखा आहे: चोरून पिण्यापेक्षा आई-बाबांसमोर प्यायलेलं बरं, फ्रान्स-इटलीत मुलं घरीच शिकतात. हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, म्हणून तपासून पाहायला हवं. ऑस्ट्रेलियात 2010 ते 2016 या काळात 1927 मुलांचा सहा वर्षं मागोवा घेतला गेला. आई-वडिलांनी स्वतः दारू दिल्याने मुलांचं पुढचं पिणं आवरतं राहिलं, असा पुरावा त्यांत मिळाला नाही. उलट ज्यांना घरून मिळाली त्यांना बाहेरूनही मिळण्याची शक्यता वाढली. ती मुलं तुझ्याहून लहान होती, हे सांगायला हवं, त्यामुळे मी तो निष्कर्ष तुझ्यावर सरसकट लादत नाही. पण घरात शिकवलं की माणूस संयमी होतो, या समजुतीला तरी त्यातून आधार मिळत नाही. युरोपचं म्हणशील, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या विभागांत दरडोई सर्वाधिक दारू युरोपीय विभागातच प्यायली जाते. आणि युरोप स्वतः वर सरकतो आहे. फ्रान्समध्ये 2009 पर्यंत सोळाव्या वर्षी बिअर-वाइन विकत मिळे, तिथे आता 18 आहे. लिथुआनियाने 2018 मध्ये 18 वरून थेट 20 केलं. ज्यांच्या उदाहरणाने आपण सैल व्हायचं, ते देश घट्ट होत चालले आहेत.

मत देता येतं, सैन्यात जाता येतं, मग ग्लास का नाही, हा प्रश्न अमेरिकेत पन्नास वर्षं विचारला जातो आहे. आपल्याकडेही मतदानाचं वय 1989 पर्यंत 21 होतं, मग 18 झालं. पण लोकसभेला उभं राहायला अजून 25 लागतात. वेगवेगळ्या जबाबदाऱ्यांना वेगवेगळी वयं असणं हा समाजाचा गोंधळ नव्हे. बोटीवरचा कॅसिनो मात्र 18 वर्षांच्या मुलाला आत घेतो, हे तू दाखवून दिलंस, आणि ते खटकण्यासारखंच आहे. त्यावरून कॅसिनोचा नियम चुकीचा आहे एवढंच सिद्ध होतं. 2008 मध्ये तिथल्या शंभराहून अधिक कॉलेज-विद्यापीठांच्या अध्यक्षांनी 21 च्या अटीवर पुन्हा चर्चा करा, असं निवेदन काढलं. अट असल्याने मुलं वसतिगृहांत दडून आणि एकदम खूप पितात, असं त्यांचं म्हणणं. त्यांची काळजी खरी होती. पण दडून पिण्यावरचा उपाय अट काढणं की ती नीट पाळणं, हे ठरवायला महाराष्ट्राकडे पाहा. आपल्याकडे कायद्याने बिअर-वाइनला 21 आणि कडक दारूला 25 वर्षं लागतात, वर पिण्याचा परवाना लागतो. गोव्यातही 21. म्हणजे तू मायामीऐवजी मुंबईहून गोव्याची बोट धरलीस तरी तुला पिता आलं नसतं. पण इथे परवान्याचं वही-पुस्तक दुकानाच्या गल्ल्यात असतं आणि वय क्वचितच कोणी विचारतं. पिढ्यान्पिढ्या मुलं यातून एकच शिकली: नियम लिहायचे वेगळे आणि वागायचं वेगळं. बोटीवर तुझं कार्ड यंत्रात सरकवलं की वेटरसमोर तुझा फोटो आणि जन्मतारीख येते, आणि तो नम्रपणे नाही म्हणतो. तिथे नियम सर्वांना सारखा आहे. त्याला सहीने भोक पाडायचं, तेही सात दिवसांसाठी, हे मला पटत नाही.

नियम मोडण्याचा प्रश्नच नाही, सवलत नियमातच आहे, असं तू म्हणशील, आणि अक्षरशः ते खरं आहे. पण ती सवलत देण्याचा भार कंपनीने कुणावर टाकला ते बघ. कंपनी मोकळी, सही दादाची. सोहमच्या आईने उद्या विचारलं तर उत्तरही दादाने द्यायचं. तिकिटाच्या करारात गैरवर्तनासाठी प्रवाशाला मधल्या बंदरात उतरवण्याचा हक्क कंपन्या राखून ठेवतात, आणि लहानाच्या हातात ग्लास जाणं त्या यादीत येतं. तुझा पासपोर्ट अजून भारतीय आहे. बहामातल्या नासाऊला एकट्याने उतरून परत अमेरिकेत शिरण्याची वेळ तुझ्यावर यावी, असं कोणालाच वाटणार नाही.

तुझी एक अडचण मात्र मला मनापासून कळते. या बोटींवर मुलांचे क्लब सतराव्या वर्षी संपतात आणि बार एकविसाव्या वर्षी सुरू होतात, मधली तीन वर्षं कोणाचीच नाहीत. डिस्नेने 18 ते 20 साठी वेगळा गट ठेवला आहे, पण सगळीकडे तसं नाही. संध्याकाळी सगळी मोठी माणसं ग्लास घेऊन बसली की तुला एकटं वाटणार, हे काल्पनिक नाही. त्याची तक्रार कर, आणि ती आमच्याकडे कर. आजीला घेऊन निघालेल्या कुटुंबाने रोज संध्याकाळी बारमध्येच बसावं असं कुठे आहे? मी स्वतः त्या सात दिवसांत घेणार नाही, आणि दादा-वहिनीलाही तसं विचारणार आहे. तू मात्र या रविवारच्या आत बाबांना फोन कर आणि अर्जाचा विषय तुझ्या तोंडून मागे घे. मी सांगितलं म्हणून नको, पटलं असेल तर. नसेल पटलं, तर सोहमबद्दलच्या मुद्द्याचं उत्तर मला लिही. त्याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर मी दादाशी बोलेन.

तुझी,
शोभाआत्या