मेंदूचा डॉक्टर व्हायचंय? दहावी झालेल्या नातीला कानमंत्र

पोरी, दहावीचा निकाल लागला आणि मेंदूचा डॉक्टर व्हायचंय असं तू सांगून टाकलंस. गारगोटीत हे कानावर पडलं की सल्ले सुरू होतात: लातूरला घाला, कोट्याला पाठवा. मी जन्मभर पोरांना जीवशास्त्र शिकवलं. क्लासचं नंतर बघू, आधी मुळातली गोष्ट ऐक. आपल्या देशात बारावीनंतर न्यूरॉलॉजी हा विषय कुणालाच घेता येत नाही. तो निवडायची वेळ येते तेव्हा पंचविशी उलटून गेलेली असते. तोवर तुला बऱ्याच निवडी कराव्या लागतील. प्रत्येक वेळी स्वतःला दोन प्रश्न विचार. यानं पुढची दारं उघडी राहतात का? आणि यातनं मी पक्की साधी डॉक्टर होते का? मला जे सांगायचंय ते सगळं या दोन प्रश्नांतच आहे.

रस्ता किती लांब आहे ते घरात आत्ताच सांग

एमबीबीएसची साडेचार वर्षं, त्यावर एक वर्ष इंटर्नशिप. मग नीट-पीजी देऊन तीन वर्षं एमडी, तीही जनरल मेडिसिन किंवा बालरोग या विषयात. त्यानंतर नीट-एसएस ही आणखी एक परीक्षा आणि तीन वर्षं डीएम न्यूरॉलॉजी. एम्स, निमहान्स यांसारख्या संस्थांची प्रवेश परीक्षा वेगळी असते. बेरीज होते साडेअकरा वर्षं, आणि तीसुद्धा मधे एकही वर्ष वाया गेलं नाही तर. शासकीय कॉलेजात शिकलीस तर एमबीबीएसनंतर एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते, ती वेगळी. मेंदूचं ऑपरेशन करायचं असेल तर ती न्यूरोसर्जरी. तिची वाट एमएस आणि एमसीएचमधून जाते.

म्हणजे तिशी आलीच. एमडी आणि डीएमच्या काळात विद्यावेतन मिळतं, पण तोवर घराला तुझ्या कमाईचा आधार नसेल. मधेच लग्नाचा विषयही निघेल. आई-बाबांना समोर बसवून ही वर्षं कागदावर मांडून दाखव. शिक्षण अर्ध्यात आल्यावर घरच्यांना धक्का बसला की त्याचा भार मुलीवरच पडतो. आज बोललीस तर तेच लोक पुढं तुझी बाजू घेतील.

अकरावीला गणित सोडू नको

एमबीबीएसच्या नीट या प्रवेश परीक्षेला गणित लागत नाही, म्हणून फॉर्म भरताना पोरं ते पहिल्यांदा काढून टाकतात. तू ठेव. मज्जातंतूतून संदेश जातो तो विजेच्या रूपात. पेशीच्या आत आणि बाहेर सोडियम-पोटॅशियमचे आयन असतात, आणि शांत असलेल्या चेतापेशीच्या आवरणावर साधारण उणे ७० मिलिव्होल्टचा विद्युतदाब असतो. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ साली माकूळ या समुद्री जीवाच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून ही वीज समीकरणांत मांडली. ईईजी म्हणजे त्याच विजेची नोंद. एमआरआय उभं आहे चुंबकत्वावर. गणित सुटलं की भौतिकशास्त्राची भीती बसते, आणि भौतिकशास्त्राला घाबरणाऱ्या मुलाला ही यंत्रं आयुष्यभर परकीच वाटतात.

दुसरं कारण व्यवहाराचं आहे. पुण्याच्या आयसरसारख्या संशोधन संस्थेच्या प्रवेश परीक्षेत गणिताचेही प्रश्न असतात. बायोमेडिकल इंजिनिअरिंगचं दारही गणितामुळं उघडं राहतं. दोन वर्षांच्या थोड्या जास्त कष्टात एवढं मिळत असेल तर ते घ्यावं.

शब्द इंग्रजीतले, समज मराठीतली

नीटला १८० प्रश्न आणि ७२० गुण. त्यातले ३६० जीवशास्त्राचे, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राला १८०-१८०. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलेल्याला एक वजा. जीवशास्त्र एनसीईआरटीच्या पुस्तकातनं कर, ओळ न् ओळ, आकृतीखालच्या नावांसकट. धडा वाचून झाला की पुस्तक मिटायचं आणि आजीला मराठीत समजावून सांगायचं. तिला कळलं तर तुला कळलं. पेपर मराठीतूनही देता येतो, पण पुढं एमबीबीएस इंग्रजीतनं शिकायचंय, म्हणून संज्ञा आत्तापासून इंग्रजीत लिहायची सवय लाव. आणि भौतिकशास्त्राला रोज एक तास दे. जीवशास्त्रात हुशार असलेली माझी कितीतरी पोरं तिथंच मागं राहिली.

कॉलेज निवडताना ओपीडी बघ

राज्याच्या शासकीय कॉलेजांतल्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातनं भरतात, उरलेल्या १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातनं. पसंतीक्रम भरताना इमारतीकडं बघू नको, पेशंटकडं बघ. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला सीपीआर रुग्णालय जोडलेलं आहे. मिरजेचं शासकीय कॉलेज १९६२ पासूनचं. अशा ठिकाणी भुदरगड, राधानगरी, जतकडचा माणूस येतो, सगळ्या तऱ्हेचा आजार घेऊन येतो, आणि विद्यार्थ्याचा हात त्याच्यावर चालतो. न्यूरॉलॉजीचा मोठा विभाग आहे एवढ्यासाठी एमबीबीएसला कर्ज काढून लांब जायची गरज नाही. तो विभाग तुला डीएमच्या वेळी लागणार.

परदेशात जायचा विषय निघाला तर आधी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अटी वाच. तिथला अभ्यासक्रम निदान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा लागतो, वर बारा महिन्यांची इंटर्नशिप, आणि परत आल्यावर इथली परीक्षा द्यावी लागते. एजंटाच्या तोंडी शब्दावर सही करायची नाही. आणखी एक गोष्ट इथं बऱ्याच घरांत माहीत नसते. बीएएमएस आणि बीएचएमएस ही आपापल्या जागी स्वतंत्र शास्त्रं आहेत, पण तिथनं डीएम न्यूरॉलॉजीकडं वाट नाही. त्या शास्त्राची ओढ असेल तरच तिकडं जा.

मेंदूच्या आधी सगळं शरीर

एमबीबीएसला गेल्यावर 'मला न्यूरोच करायचंय' म्हणून बाकी विषय वरवर करू नको. १९७१ साली मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ आली. त्यानंतर काही मोठ्या माणसांचे पाय पोलिओसारखे लुळे पडू लागले. डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन्ही गोष्टींची सांगड घातली. पुढं कळलं की डोळ्यांच्या साथीमागं असलेला विषाणूच मज्जारज्जूपर्यंत पोचत होता. समोरच्या पेशंटचे पाय गेलेत आणि आपण विचारायचं, मागच्या महिन्यात डोळे आले होते का? हा प्रश्न सुचायला नेत्ररोग आणि सूक्ष्मजीवशास्त्र, दोन्ही डोक्यात पाहिजे.

अलीकडचं बघ. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात जीबीएसचे, म्हणजे गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. आकडा दोनशेच्या वर गेला. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते, पायातनं सुरू झालेला अशक्तपणा वर चढतो, काहींना व्हेंटिलेटर लागतो. पुण्यात शोध गेला जुलाब करणाऱ्या जंतूंपर्यंत आणि पिण्याच्या पाण्यापर्यंत. नसांच्या डॉक्टरला विहिरीचं पाणीही विचारावं लागतं. म्हणून ज्याला पोरं कंटाळवाणं म्हणतात ते सामुदायिक वैद्यकशास्त्रसुद्धा मनापासून शीक.

बिघाड कुठं आहे ते आधी शोध

पावसाळ्यात आपली लाईट गेली की लायनमन आधी विचारतो, कुणाकुणाची गेली? एका घराची, एका गल्लीची की सगळ्या गावाची? त्यावरनं त्याला कळतं कोणत्या खांबावर चढायचं. न्यूरॉलॉजीचा विचार असाच चालतो. अशक्तपणा एका बोटात, अर्ध्या अंगात की दोन्ही पायांत? बिघाड मेंदूत, मज्जारज्जूत, नसेत की स्नायूत? हे ठरलं की मग तो कशामुळं झाला ते बघायचं. यासाठी शरीररचनाशास्त्र पाठ असावं लागतं. पहिल्या वर्षी ते जीव लावून कर.

आणि माणसाचं ऐकायला शीक. पेशंट म्हणतो, चक्कर येते. घर फिरतं, डोळ्यांपुढं अंधारी येते की चालताना तोल जातो? तिन्हींचं कारण वेगळं निघतं. फीट आलेल्या माणसाला स्वतःला काही आठवत नाही. ते विचारायचं ज्यानं पाहिलं त्याला: डोळे कुठं वळले, कोणता हात आधी झटकला, किती वेळ चाललं. हे शिकायला मेडिकल कॉलेजची वाट बघायला नको. गावातल्या म्हाताऱ्यांजवळ बसून त्यांचं दुखणं मधे न तोडता ऐकत जा.

एमडीच्या आधी स्वतःला तपास

इंटर्नशिपमध्ये न्यूरोच्या ओपीडीत बसायची परवानगी माग. तिथल्या निवासी डॉक्टरांना त्यांचा दिवस कसा जातो ते विचार. कंपवाताचा पेशंट वर्षानुवर्षं तुझ्याकडं येणार आणि आजार पुरता जाणार नाही. हे तुला सोसेल का? आशेची बाजूही मोठी आहे. योग्य उपचार मिळाले तर अपस्माराच्या शंभरातल्या सत्तर जणांच्या फिट्स थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्या पोरीला शाळेतनं काढलं होतं ती परत वर्गात बसते. अशा कामात तुला समाधान मिळणार असेल तर पुढं जा.

दुसऱ्या वाटा आत्ताच लिहून ठेव

नीट किती वेळा द्यायची हे पहिल्या परीक्षेच्या आधीच ठरव, कारण निकाल हातात आल्यावर कुणाचंच डोकं शांत नसतं. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि वाचा-श्रवण उपचार या अभ्यासक्रमांना महाराष्ट्रात नीटचेच गुण बघतात, त्यामुळं केलेला अभ्यास फुकट जात नाही. अर्धांगवायू झालेल्या माणसाला उभं करतो तो फिजिओथेरपिस्ट. त्याची वाचा परत आणायला स्पीच थेरपिस्ट लागतो. वाचा-श्रवण उपचाराची पदवी मुंबईच्या अली यावर जंग संस्थेत मिळते. प्राणिशास्त्र, जीवरसायन किंवा भौतिकशास्त्रात बीएस्सी करून संशोधनाकडं गेलीस तर मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बेंगळुरूचं निमहान्स, मुंबईचं टीआयएफआर आहे. मानसशास्त्रातनंही मेंदूपर्यंत जाता येतं. मेंदूच्या पेशंटला या सगळ्यांची गरज असते, आणि यातलं कुठलंही काम हलकं नाही.

शिकलीस की इकडं ये

बहिरेवाडीसारख्या खेड्यातनं आलेले जे. पी. नाईक पुढं देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. त्यांनी मौनी विद्यापीठ उभं केलं ते आपल्या गारगोटीत. शिक्षण खेड्यात आलं पाहिजे हा त्यांचा आग्रह होता. तोच आग्रह मी तुझ्याजवळ धरतो, वैद्यकीसाठी. मेंदूच्या रक्तवाहिनीत रक्ताची गाठ अडकून अर्धांगवायू झाला तर ती विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि तेही सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावरच. कोल्हापूर इथनं पन्नास किलोमीटरच्या आसपास. पाटगावाकडच्या वाड्यांवरचा माणूस आधी गारगोटीला येणार, मग पुढं जाणार. 'सकाळपर्यंत बघू' म्हणत त्याची रात्र गेली की वेळ संपली. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं की त्याच क्षणी गाडी काढायची, हे गावोगाव सांगायला डीएम लागत नाही. ते तू या वर्षीपासून कॉलेजच्या पोरींना घेऊन सांगू शकतेस. आणि डीएम झालीस की कोल्हापुरात बस, पण महिन्यातले काही दिवस गारगोटीत ओपीडी ठेव.

उद्या अकरावीचा फॉर्म भरायचाय. जीवशास्त्र आहेच, गणितावरही खूण कर.