‘ऐतिहासिक’ या विशेषणाचा इंग्रजी अनुवाद : ‘हिस्टॉरिक’ की ‘हिस्टॉरिकल’?

मराठीत ‘ऐतिहासिक कागदपत्रे’ आणि ‘ऐतिहासिक निर्णय’ या दोन्ही प्रयोगांत आपण एकच विशेषण वापरतो. इंग्रजीत मात्र येथे दोन शब्द आहेत आणि त्यांतून निवड करावी लागते. ‘हिस्टॉरिकल’ म्हणजे इतिहासाशी संबंधित, भूतकाळातील. ‘हिस्टॉरिक’ म्हणजे इतिहासात महत्त्वाचे स्थान असलेले. पहिला शब्द केवळ संबंध सांगतो. दुसरा महत्त्व ठरवतो.

आपल्या अभ्यासक्रमातील कादंबऱ्यांच्या आधारे हा भेद पाहू. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ (1857) ही सामान्यतः मराठीतील पहिली कादंबरी मानली जाते. तिचा विषय तत्कालीन विधवांची दुःस्थिती हा आहे, इतिहास नव्हे. म्हणून तिला ‘हिस्टॉरिकल नॉव्हेल’ म्हणता येणार नाही, मात्र तिचे प्रकाशन ‘हिस्टॉरिक’ ठरते. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ (1871) शिवकालावर आधारलेली असल्याने ‘हिस्टॉरिकल’ आहे. या प्रकारातील पहिली मराठी कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो, त्यामुळे तिलाही ‘हिस्टॉरिक’ म्हणता येईल. पण पुढे आलेल्या प्रत्येक ऐतिहासिक कादंबरीला हा दुसरा मान देणे म्हणजे लेखकाने न केलेली स्तुती अनुवादकाने पदरची घालणे होय. एखाद्या गावच्या जमाखर्चाचा मोडी कागदही ‘हिस्टॉरिकल’च, त्याने इतिहास घडवलेला नसतो.

‘हिस्टॉरिकल’ला आणखी एक छटा आहे. दंतकथेतील व्यक्तीपासून प्रत्यक्ष होऊन गेलेली व्यक्ती वेगळी दाखवताना हाच शब्द योजतात. अशा ठिकाणी ‘इतिहासप्रसिद्ध’ असा अनुवाद केल्यास मूळ विधान अस्तित्वाविषयीचे न राहता कीर्तीविषयीचे होते. संशोधनपर लेखनात ही चूक फार महाग पडते.

जुन्या इंग्रजी ग्रंथांत हा भेद काटेकोरपणे पाळलेला आढळेलच असे नाही. व्याकरणातील ऐतिहासिक वर्तमानकाळासाठी तर आजही दोन्ही रूपे चालतात. तेव्हा शब्दाआधी संदर्भ पाहावा.

स्वयं-अध्ययनासाठी : पुढील वाक्यांतील ‘ऐतिहासिक’साठी योग्य इंग्रजी शब्द निवडा व कारण लिहा.
(अ) 1 मे 1960 हा महाराष्ट्राच्या दृष्टीने ऐतिहासिक दिवस होय.
(आ) या बखरीतील भाषेचा ऐतिहासिक अभ्यास व्हायला हवा.
(इ) महाडचा 1927 चा चवदार तळे सत्याग्रह ऐतिहासिक होता. त्यासंबंधीची ऐतिहासिक साधने जतन केली पाहिजेत.