कॉक कुठे होता?

कराड

चि. बाळ,

दुधाच्या टेम्पोवाल्याने परवा सांगितलं, शनिवारी रात्री तू कुंभार्ली घाटात भर पावसात गाडी ढकलत होतास. पेट्रोल संपलं होतं म्हणे. ऐकल्यापासून चैन नाही. ताईला अजून बोललेलो नाही.

मला एवढंच सांग, कॉक कुठे होता? रिझर्व्हलाच ना? गेल्या खेपेला गाडी अंगणात होती तेव्हा मी पाहिलं होतं, आणि बोललो नाही. चूक माझीही आहे.

अरे, रिझर्व्ह म्हणजे वेगळी टाकी नव्हे. एकाच टाकीत दोन नळ्या, एक उंच, एक बुटकी. पेट्रोल उंच नळीच्या खाली गेलं की गाडी झटके देते. मग कॉक फिरवायचा, म्हणजे बुटकी नळी तळातलं लिटर-सव्वा लिटर ओढते. ते झटके हीच सूचना. कॉक कायम रिझर्व्हला ठेवलास तर सूचना मिळणार कुठून? तुझ्या बाबांच्या गाडीला काटाही नाही. पेट्रोल भरलं की पंपावरून हलायच्या आधी कॉक ‘ऑन’ला घे, आणि भरताना किलोमीटर लिहून ठेव. डाव्या हाताने, न बघता कॉक फिरवायची सवय कर.

आणि इंजिन बंद पडलं की त्या गाडीचा पुढचा दिवा विझतो. पोफळीच्या वरची वळणं, धुकं, मागून ट्रक, आणि तू अंधारात! इंडिकेटर बॅटरीवर चालतो, तो तरी लावला होतास? अगदीच अडलास तर कॉक रिझर्व्हला घेऊन गाडी डावीकडे चांगली कलती कर. टाकीच्या उजव्या कुशीत अडकलेलं पेट्रोल कॉकच्या बाजूला येतं. तेवढ्यावर कोस-अर्धा कोस निघतो.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. १९८४ साली माझी येझदी होती, आणि मीही एकेक लिटर भरून कायम रिझर्व्हवर फिरायचो. तात्यांना, तुझ्या आजोबांना, चिपळूणच्या डॉक्टरांना दाखवून आणताना हेळवाकच्या पुढे गाडी थांबली. श्रावणातला पाऊस. तात्यांचा दमा तुला ठाऊक आहे. ‘तू हँडल धर,’ म्हणाले आणि मागून ढकलू लागले. दोनदा दगडावर बसले. मला एक शब्द बोलले नाहीत, घरीही कुणाला सांगितलं नाही. पुढच्या वर्षी ते गेले. त्या रात्रीमुळे नव्हे, डॉक्टरही तसंच म्हणाले. तरी गाडीने झटका दिला की अजून मला मागून त्यांचा श्वास ऐकू येतो.

म्हणून कॉकचं पुन्हा पुन्हा विचारतोय.

तू शंभराचंच का भरतोस ते मला कळतं. लोट्याला पगार किती आणि त्यातला घरी किती येतो, ताईने सांगितलंय. पाकिटात थोडे पैसे ठेवलेत. चिपळूण सोडताना टाकी भर. परत करायचा विचारही करू नकोस.

रागावून लिहायला बसलो होतो. तात्या रागावले नव्हते, हे लिहिता लिहिता आठवलं.

शनिवारी मी एसटीने कोयनानगरला येऊन थांबतो. तुला उशीर झाला तरी चालेल, घाई करू नकोस. चहा घेऊ, मग पाटणपर्यंत मला मागे बसवून ने. कॉक मी बघणार नाही.

तुझा
मामा