गुरांवर हात ठेवण्याआधी

पोरी, कल्याणला जाऊन रेकी शिकून आलीस म्हणे. बरं केलंस. जपानच्या मिकाओ उसुईंनी ती १९२२ च्या सुमारास सुरू केली, हे तूच मला सांगितलंस. आमच्या मुरबाडकडे गुरांवर हात ठेवून बसणाऱ्या म्हाताऱ्या मी लहानपणापासून बघतेय, त्यांना फी मात्र कुणी दिली नाही. आता शहापूरच्या तबेल्यात म्हशींवर हात आजमावायला निघालीस, तर आत्याचे चार शब्द ऐकून जा.

१. मागून जाऊ नको, खांद्याच्या बाजूनं बोलत बोलत ये — गाईला शेपटीमागचं दिसत नाही, आणि न दिसलेल्याला ती लाथेनंच विचारते, कोण? माझ्या डाव्या गुडघ्याला विचारून झालंय.

२. पहिला हात मानेखाली, गळ्याच्या पोळीवर — गाई एकमेकींना मानेलाच चाटतात. कान सैल पडले, मान लांबवली, की पोचली तुझी ऊर्जा. कपाळ मात्र खाजवू नको, जनावर ढुशी द्यायला शिकतं.

३. घरून भांडून आली असशील तर आधी ओट्यावर बसून पाणी पी — बिचकलेली म्हैस पान्हा चोरते. तापला हात, आटली कास.

४. हात नुसता ठेवू नको, त्यानं विचार. डाव्या कुशीत, बरगडी संपते त्या खळग्यात मूठ दाबून धर. दोन मिनिटांत पोटानं दोन-तीनदा तरी ढकललं पाहिजे — पोट गप्प तर रवंथ बंद. तीच कूस ढोलकीसारखी फुगली असेल तर रेकी ठेव बाजूला, डॉक्टरला फोन कर.

५. कानामागे, शेपटीखाली, कासेच्या फटीत बोटं फिरव — गोचीड तिथंच लपतो. २०२२ साली लम्पीच्या गाठीही माझ्या डोळ्यांआधी बोटांना लागल्या. दुसऱ्या गाईला शिवण्याआधी साबणानं हात धू.

६. लाळ गळतेय, हंबरणं बदललंय, म्हणून घशात काय अडकलंय ते बघायला तोंडात हात घालू नको — जनावर पिसाळलेलं असू शकतं. लाळ जखमेला लागलीच तर साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धू आणि त्याच दिवशी दवाखाना गाठ.

७. पावसाआधी जनावरांना घटसर्प-फऱ्याची लस टोचून घे. का ते सांगते. एका आषाढात माझ्या म्हशीचा गळा सुजला, ती घोरायला लागली. मी दृष्ट काढली, अंगारा लावला, रात्रभर गळ्यावर हात ठेवून बसले. हाताला ऊब लागत होती, मला वाटलं, गुण येतोय. तो तिचा ताप होता गं. उजाडताना दावं तेवढं माझ्या हातात उरलं.

८. आधी १९६२ ला फोन, मग नारळ — जनावरांच्या डॉक्टरची गाडी वळणं घेत पाड्यावर येईपर्यंत वेळ असतोच, तेवढ्यात धर की हात. रेकीनं रोग जातो असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण ओळखीच्या हाताखाली सुई टोचताना गाय कमी उसळते, हे मी पाहिलंय.

९. वाडीतल्या भगताला हसू नको — त्याला हसलीस तर लोक तुला जनावर दाखवणारच नाहीत.

१०. पहिलं वर्षभर पैसे घेऊ नको — फी घेतली की गाईच्या आधी आपणच म्हणतो, आता बरं वाटतंय.

११. पौष पौर्णिमेला म्हसा यात्रेत, खांबलिंगेश्वराच्या गुरांच्या बाजारात, अनोळखी बैलांवर हात ठेवत फिरू नको — परक्या जागी, परक्या गर्दीत ते आधीच बावरलेले असतात. जुने शेतकरी बैलाच्या खांद्यापासून खुरापर्यंत हात कसा उतरवतात, तेवढं बघ. मी येते सोबत. भाकऱ्या तू बांधून आण, माझ्यानं आता तव्यापुढं बसवत नाही.