महाड-पोलादपूरची पहिली वजाबाकी

प्रश्न : महाडचा पिनकोड ४०२३०१, आमच्या पोलादपूरचा ४०२३०३. या संख्यांमध्ये गणिताच्या दृष्टीने काही खास आहे का?
– एक वाचक, पोलादपूर

उत्तर : आहे, आणि त्यातली एक गोष्ट फारच देखणी आहे.

आधी नेहमीची शंका : या मूळ संख्या आहेत का? नाहीत. पोलादपूरच्या अंकांची बेरीज १२, म्हणजे ३ ने भाग जाणारच. ४०२३०३ = ३ × ११ × ७३ × १६७. महाडची संख्या मात्र चिवट. ३७ पर्यंत पोचल्याशिवाय तिला कशानेच भाग जात नाही. ४०२३०१ = ३७ × ८३ × १३१.

आता खरी गंमत. डहाणूत १९०५ साली जन्मलेले द. रा. कापरेकर देवळालीच्या शाळेत शिकवत. त्यांनी एक साधी कृती दिली. संख्येचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून तेच अंक चढत्या क्रमाने लिहून वजा करा आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. चार अंकी संख्या, सगळे अंक सारखे नसतील तर, फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ वर येऊन थांबते. हाच तो जगभर गाजलेला कापरेकर स्थिरांक.

हीच कृती आपल्या सहा अंकी पिनकोडवर करू.

महाड : ४३२१०० – ००१२३४ = ४३०८६६
पोलादपूर : ४३३२०० – ००२३३४ = ४३०८६६

पहिल्याच वजाबाकीत दोघांचे उत्तर एक! कारण असे, की उत्तर ठरते ते फक्त जोड्यांच्या फरकांवर : उतरत्या क्रमातला पहिला अंक व सहावा, दुसरा व पाचवा, तिसरा व चौथा. दोन्ही ठिकाणी हे फरक ४, ३, १ येतात. मधल्या ४०२३०२ चे फरक ४, ३, ० आहेत, म्हणून तिचे उत्तर वेगळे, ४२९९६६.

पुढचा प्रवास अर्थातच दोघांचा एकत्र. बाराव्या वजाबाकीला ८५१७४२ येते आणि तिथून सात संख्यांचे चक्र सुरू होते : ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६ आणि पुन्हा ८५१७४२. यातून सुटका नाही.

पिनकोडची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. १५ ऑगस्ट १९७२ पासून ती लागू झाली. कोणत्या गावाला कोणता क्रमांक, हे टपाल खात्याने ठरवले. हे गुण मात्र त्या संख्यांचे स्वतःचे, पिनकोड नसते तरी असतेच.

सहा अंकी संख्या या चक्रात तरी सापडते, नाहीतर ५४९९४५ किंवा ६३१७६४ वर थांबते; अपवाद सगळे अंक सारखे असलेल्यांचा. तुमच्या आजोळचा, सासरचा पिनकोड घेऊन बसा आणि तो कुठे पोचतो ते आम्हाला जरूर कळवा.