फोर्कलिफ्ट चालवतो, कागदावर मात्र हेल्पर

प्रश्न : मी कल्याण पूर्वेला राहतो. भिवंडीजवळ माणकोलीच्या एका मोठ्या गोडाऊनमध्ये चार वर्षं फोर्कलिफ्ट चालवतो, वर्षभरापासून रीच ट्रकही. नोकरी ठेकेदाराकडे आहे. पगार 20,000 ठरलाय : मूळ आणि महागाई मिळून 9,000, घरभाडे 4,000, प्रवास 1,000 आणि ‘इतर भत्ता’ 6,000. ड्युटी बारा तासांची, त्यात तासभर जेवण; महिन्याचे 26 दिवस. ओटीचे तासाला 60 रुपये देतात. स्लिपवर हुद्दा ‘हेल्पर’ आहे. मागच्या महिन्यात रॅकवरून एक पॅलेट पडलं, त्याचे 6,000 रुपये न विचारता कापले. ठाण्याच्या एका कंपनीत हेच काम करणारा मित्र म्हणतो, तुला कमी मिळतं. मला नक्की किती मिळायला हवं?
— एक वाचक, कल्याण

उत्तर : तुमचा मित्र बरोबर सांगतोय. फक्त त्याचा आणि तुमचा महिन्याचा आकडा शेजारी ठेवून काही कळणार नाही. तो आठ तास काम करत असेल आणि तुम्ही अकरा, तर सारख्या पगारातही तुम्ही स्वस्तात राबताय. म्हणून आधी तासाचा दर काढू.

वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. त्यात ‘वेतन’ कशाला म्हणायचं ते ठरवून दिलं आहे. घरभाडे आणि प्रवास भत्ता मर्यादेत असेल तर बाहेर राहतो. ‘इतर भत्ता’ अशा नावाने दिलेली रक्कम मात्र वेतनातच येते. म्हणजे तुमचं वेतन 9,000 नसून 15,000 आहे. 26 दिवस आणि रोजचे 8 तास धरले, तर तासाला सुमारे 72 रुपये पडतात. जादा कामाचा दर दुप्पट, म्हणजे सुमारे 144 रुपये. तुम्ही रोज तीन तास जादा काम करता, महिन्याला 78 तास. त्याचे 11,250 रुपये व्हायला हवेत. तुम्हाला मिळतात 4,680. दर महिन्याला 6,570 रुपये तुमच्या कष्टाचे तिकडेच राहतात. साध्या वेळेच्या दरापेक्षाही कमी दराने तुमच्याकडून जादा काम करून घेतलं जातंय, आणि हे मला फार गंभीर वाटतं. शिवाय तीन महिन्यांत हे 234 तास होतात. जादा कामाची मर्यादा राज्याने अलीकडे 144 तासांपर्यंत वाढवली, ती धरली तरी इतकं काम कुणाकडून करून घेता येत नाही. थकलेल्या माणसाच्या हातून उंच रॅकवरचं पॅलेट पडलं, तर दोष एकट्या त्याच्यावर टाकणं मला मान्य नाही.

आता ‘हेल्पर’ या शब्दाकडे वळू. खरं नुकसान तिथेच आहे. राज्याचे किमान वेतनाचे दर कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे वेगवेगळे असतात. हेल्पर लिहिलं की तुम्ही अकुशलांच्या रांगेत जाता. पण वर्ग ठरतो तो प्रत्यक्ष कामावरून. अरुंद गल्लीत, काही मीटर उंचीवर टनभर माल चढवणारा माणूस अकुशल कसा? ठेकेदाराकडून कोणत्या अनुसूचित उद्योगाचा आणि कोणत्या परिमंडळाचा दर लावला आहे ते लेखी मागा. परिमंडळ कामाच्या जागेवरून ठरतं. तुमचं घर कल्याणला आणि ठेकेदाराचं ऑफिस ठाण्यात असलं तरी मोजायचं ते गोडाऊनचं गाव. किमान वेतनातला विशेष भत्ता दर जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो, तेव्हा दोन वर्षांपूर्वीचा तक्ता दाखवला तर तो स्वीकारू नका.

तुम्ही ऑपरेटर आहात हे सिद्ध करायला पुरावा रोज तुमच्या हातातून जातो. पाळी सुरू होताना ब्रेक, हॉर्न, बॅटरी, फोर्क तपासून ज्या चेकलिस्टवर सही करता, तिचा फोटो काढून ठेवा. ड्युटीचे व्हॉट्सॲप मेसेज, गेटवरची हजेरी, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, कंपनीचं ऑपरेटर कार्ड, हे सगळं जपा. नेमणूकपत्र नसेल तर मागा. आता ते देणं बंधनकारक आहे.

पॅलेटच्या 6,000 बद्दल : तुमच्या ताब्यात दिलेल्या मालाचं नुकसान तुमच्याच हलगर्जीपणाने झालं असेल, तरच कपात चालते. त्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि रक्कम प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त असू शकत नाही. तुम्हाला विचारलंच नाही, म्हणजे ही कपात टिकणारी नाही. रॅक आधीच वाकलेला होता का, पॅलेटची फळी मोडकी होती का, हे आजच तारखेसह लिहून ठेवा.

पीएफचंही बघा. तो 9,000 वर कापत असतील तर 1,080 होतात. 15,000 वर 1,800. हातात येणारे पैसे 720 ने कमी होतील, पण तितकीच भर मालकाकडूनही पडेल. यूएएनचं पासबुक उघडून हे पैसे खरंच जमा होतात का ते पाहा.

ठेकेदाराने हात वर केले, तर मूळ कंपनीवर वेतनाची जबाबदारी येते, हे त्यांच्या एचआरलाही ठाऊक असतं. आधी दोघांना लेखी अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. तरीही ऐकलं नाही तर ठाण्याच्या कामगार उपायुक्त कार्यालयात जा. दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. पैसे दिले हे सिद्ध करण्याचं ओझं मालकावर असतं. गोडाऊनमधल्या बऱ्याच ऑपरेटरांचं दुखणं हेच असेल, तर सगळ्यांनी मिळून एकच अर्ज करा. एकट्याला काढून टाकणं सोपं असतं.

प्रश्न : माझे पती स्टॅकर चालवतात. जागा तीच, पण ठेकेदार दोनदा बदलला. ग्रॅच्युइटीची पाच वर्षं कशी मोजायची?
— डोंबिवलीच्या एक वाचक

उत्तर : ठेकेदार बदलला की नव्या ठेकेदाराकडे नोकरी पहिल्यापासून सुरू झाली असं दाखवतात, आणि वाद तिथेच पेटतो. नेमणूक ठरावीक मुदतीच्या कराराची असेल, तर आता एका वर्षाच्या नोकरीवरही ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. म्हणून आधी प्रत्येक नेमणूकपत्रावरची मुदत वाचा. जुन्या ठेकेदाराकडून अनुभवपत्र आणि शेवटच्या हिशोबाची प्रत घ्या. तो शोधूनही सापडत नसेल, तर यूएएनमधल्या नोंदींवरून कोणत्या तारखेपासून कोणाकडे काम केलं ते निघतं. नवा ठेकेदार येण्याच्या महिन्यात कोऱ्या कागदावर किंवा राजीनाम्यावर सही मागतात. ती करू नका.