खिशातली नोंदवही : औषधांची माहिती मोबाईलवर

गणपतीच्या दिवसांतील गोष्ट. डोंबिवलीहून गावी आलेले सत्तरीचे एक चाकरमानी चक्कर येते म्हणून दवाखान्यात आले. नाडी मोजली, मिनिटाला ४६. "काका, कोणत्या गोळ्या चालू आहेत?" असे विचारले, तर उत्तर आले, "नाव माका ठावक नाय डॉक्टरांनू. एक बारीक पांढरी आसा, आनी एक गुलाबी." फाईल डोंबिवलीच्या कपाटात! मुलाला फोन करून, शेजाऱ्यांकडून कपाट उघडवून कागदाचा फोटो मिळेपर्यंत दीड तास गेला.

मग उलगडा झाला. रक्तदाबासाठी त्यांना मेटोप्रोलोल हे औषध होते. प्रवासात गोळ्या हरवल्या असे वाटून त्यांनी इथे दुसऱ्या कंपनीची पट्टी घेतली. नंतर जुनी पट्टी पिशवीत सापडली, तीही सुरू ठेवली. पाकिटावरील नावे वेगळी, आतले औषध एकच. मेटोप्रोलोलने नाडीचा वेग कमी होतो. दुप्पट मात्रा पोटात गेली आणि चक्कर सुरू झाली. वेळीच कळले म्हणून निभावले.

त्या दीड तासात काकांच्या खिशात मोबाईल होता. त्यावर चार ओळी लिहिलेल्या असत्या, तर दोन मिनिटांत काम झाले असते. म्हणून आज मोबाईलवर नोंदी कशा ठेवाव्यात, ते पाहू.

अँड्रॉइड फोनवर 'गुगल कीप' हे २०१३ पासून विनामूल्य मिळणारे ॲप आहे. आयफोनमध्ये 'नोट्स' आधीपासूनच असते. कोणतेही एक घ्या. ॲप उघडून नव्या नोंदीचे चिन्ह दाबले की कोरे पान येते. वर शीर्षक लिहा, 'माझी औषधे'. टंकलेखन जमत नसेल, तर कळफलकावर मराठी भाषा निवडून माइकचे चिन्ह दाबा आणि बोला. अक्षरे आपोआप उमटतात. औषधांची नावे मात्र पाकिटाशी ताडून पाहा, कारण बोललेले नाव चुकीचे उमटू शकते. शेवटी टाचणीचे चिन्ह दाबले, की ही नोंद सर्वांत वर राहते.

आता लिहायचे काय? पहिल्या ओळीत नाव, वय आणि रक्तगट. दुसऱ्या ओळीत आजार व ते केव्हापासून आहेत. त्यानंतर प्रत्येक औषधाला एक ओळ : पाकिटावरील मूळ औषधाचे नाव, मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, जेवणापूर्वी की नंतर. रक्त पातळ करणारी गोळी असेल, तर ती ठळकपणे लिहा. दात काढण्यापूर्वी किंवा शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना हे कळणे फार आवश्यक असते. पुढे, कोणत्या औषधाने अंगावर पुरळ किंवा सूज आली होती का, ते. शेवटी घरच्या माणसाचा फोन नंबर, आणि काढला असल्यास 'आभा' हा १४ अंकी आरोग्य क्रमांक.

दुसरे पान रक्तदाब व साखरेचे. नुसता आकडा लिहून उपयोग नाही. तारीख व वेळ हवी. साखर उपाशीपोटीची की जेवणानंतर दोन तासांची, तेही हवे. रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे. धावत जिना चढून घेतलेला आकडा डॉक्टरांची दिशाभूल करतो. तिसऱ्या पानावर, पुढच्या भेटीत विचारायचे प्रश्न सुचतील तसे लिहा. दवाखान्यातून घरी पोचल्यावर "अरे, विचारायचे राहिलेच!" असे म्हणणारे रुग्ण मी रोज पाहतो.

आपल्याकडे पावसाळ्यात कागद ओलसर होतात, फाईलला बुरशी येते. शिवाय मालवणचा रुग्ण पुढच्या उपचारासाठी ओरोसला, कधी गोव्यात बांबोळीला जातो. तिथला डॉक्टर त्याला प्रथमच पाहत असतो. अशा वेळी ही नोंद रुग्णाच्या वतीने बोलते.

काही पथ्ये मात्र पाळावीत. डॉक्टरांनी औषध बदलले की त्याच दिवशी नोंद बदला. जुनी नोंद ही नोंद नसण्यापेक्षाही घातक. बँकेचा पिन किंवा एटीएमचा आकडा इथे लिहू नका. फोनला कुलूप असल्यास घरातील एका माणसाला ते उघडता आले पाहिजे. बऱ्याच फोनमध्ये कुलूप न उघडता दिसणारी 'आपत्कालीन माहिती' भरण्याची सोय असते. तीही भरून ठेवा. वादळवाऱ्यात दोन दोन दिवस वीज जाते, फोन बंद पडतो. म्हणून हीच माहिती एका कागदावर उतरवून प्लास्टिकच्या पिशवीत, पाकिटात ठेवावी. मूळ चिठ्ठ्या व तपासणीचे अहवाल टाकून देऊ नयेत. आणि नोंदीतले आकडे पाहून गोळी स्वतःच कमीजास्त करू नये.

पहिल्याच दिवशी सारे लिहायला बसू नका, कंटाळा येईल. आज रात्री जेवणानंतर गोळ्यांचा डबा समोर घ्या आणि फक्त औषधांची नावे लिहा. चष्म्याला बारीक अक्षरे दिसत नसतील, तर नातवाला हाक मारा. दहा मिनिटांचे काम आहे. पुढच्या वेळी दवाखान्यात आलात, की "पांढरी गोळी" म्हणू नका. फोन पुढे करा.